राखणदार

आमच्या कोंकणांत जवळजवळ प्रत्येक गांवाला एक राखणदार असतो. त्याचें देऊळ बहुधा मोठें नसतें. कित्येक ठिकाणीं तर जुन्या झाडाखालचा एक पाषाण एवढीच त्याची खूण. गांवाची सीम तो सांभाळतो अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेपोटीं वर्षाकांठीं त्याला नारळ पोंचतो. त्याच्या कामाची गंमत अशी कीं, तें जितकें चोख होईल तितकें सांगण्यासारखें कमी घडतें. चोर आला नाहीं, रोगराई शिरली नाहीं; मग गोष्ट ती काय सांगावयाची? परंतु एखाद्या वर्षीं कांहीं विपरीत घडलें कीं सारा गांव विचारतो, 'राखणदार होता कोठें?'

आज ज्या विषयावर चार शब्द सांगावयाचे आहेत तो वरवर पाहतां अगदींच निराळा, म्हणजे फुटबॉलच्या खेळाचा आहे. परंतु त्या खेळांतहि असे राखणदार असतात. गोल करणारे पुढें खेळतात, आणि गोल होऊं न देणारे मागें उभे असतात. ह्या मागच्यांपैकीं कांहीं जण खेळण्याचें वय सरल्यावर संघाचे प्रशिक्षक होतात. बचाव करणाऱ्या खेळाडूच्या अंगीं प्रशिक्षकाचे गुण कोठून येतात, आणि तें पद पत्करल्यावर त्याच्या वांट्याला काय येतें, हें आपल्या शेजारच्या गोमंतकांतील एका गृहस्थाच्या आयुष्यक्रमावरून पाहावें असा माझा विचार आहे.

मी कांहीं ह्या खेळाचा मोठा जाणकार नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों आणि सारें आयुष्य रत्नागिरीच्या आसपासच्या शाळांत गेलें. गणिताबरोबर खेळाचा तासहि माझ्याकडे असे. आमच्याकडे मुलांचा ओढा क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो ह्यांकडे. आंबा घाट चढून कोल्हापुरास गेलें कीं तालमी-तालमींचे फुटबॉल संघ भेटतात, पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम ह्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोमंतकांत फुटबॉल गांवोगांवीं दिसतो. आमच्या जांभ्याच्या मैदानावर मात्र पावसाळ्यांत कधींमधीं एक चेंडू बाहेर निघावयाचा, आणि मी मुलांचे दोन संघ पाडावयाचा. चपळ मुलें पुढें, आणि जीं अंगानें जड, पायानें मंद, तीं मागें, असा माझा साधा हिशेब होता.

एके दिवशीं मागें उभ्या केलेल्या एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, मला नेहमीं मागेंच कां ठेवतां?" मीं उत्तर दिलें, "तुला धांवतां येत नाहीं म्हणून." मुलगा परत आपल्या जागीं जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्यानें मला तो प्रश्न कधींच विचारला नाहीं, आणि मैदानावर तोंडहि उघडलें नाहीं. माझें उत्तर चुकलें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. तें कसें चुकलें हें सांगण्यासाठीं प्रथम खेळाची थोडी फोड केली पाहिजे.

फुटबॉलचें मैदान सुमारें शंभर मीटर लांब असतें. दोन्ही टोकांस ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशी गोलची चौकट असते. पुढच्या फळींतल्या खेळाडूची पाठ बहुधा आपल्या सोबत्यांकडे असते. त्याला समोरची चौकट दिसते, पाठीमागें काय चाललें आहे तें दिसत नाहीं. मागें उभा असणाऱ्याची गोष्ट उलट. सारें मैदान त्याच्या डोळ्यांपुढें पसरलेलें असतें. आपले दहा कोठें आहेत, परक्यांचे अकरा कोठें आहेत, कोणती जागा मोकळी पडली, कोण दमला, हें सारें त्याला एका नजरेंत घ्यावें लागतें.

त्यांत 'ऑफसाइड'चा नियम ध्यानांत घ्या. सोबत्यानें चेंडू मारला त्या क्षणीं जो खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागांत, चेंडूच्या पुढें, आणि शिवाय प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याहि पुढें असेल, त्यानें खेळांत भाग घेतला कीं पंच शिटी वाजवतो. १९२५ पूर्वीं हा हिशेब शेवटून तिसऱ्या गड्याचा होता. त्या वर्षीं तो दुसऱ्यावर आणला गेला. शेवटचा गडी बहुधा गोलरक्षक असतो. म्हणून व्यवहारांत ही रेघ आंखतो तो बचावाच्या रांगेंतला सर्वांत मागचा खेळाडू. सारी रांग एक पाऊल पुढें सरकली कीं नियमाची रेघहि पुढें सरकते, आणि चढाई करून आलेला प्रतिपक्षी आपोआप फसतो. परंतु चौघांपैकीं तिघे सरकले आणि एक जागींच राहिला, तर रेघ त्या एकाशींच राहते आणि गोल होतो. म्हणून त्या रांगेंत एक जण असा लागतो कीं जो सारें पाहील आणि वेळेवर हांक मारील. ही हांक मारणारा मनुष्य खेळतांनाच दुसऱ्यांना खेळवीत असतो. प्रशिक्षकाचें काम याहून मूलतः निराळें नाहीं. अंतर एवढेंच कीं, तो रेघेच्या बाहेर उभा राहून हांक मारतो.

आतां त्या गोमंतकीय गृहस्थांकडे वळूं. त्यांचें नांव डेरिक परेरा. वास्कोच्या साळगांवकर क्लबचे ते बचावपटू, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत भारताच्या संघांतूनहि ते खेळले. साळगांवकर हा त्या काळीं गोमंतकाचा मानाचा संघ. १९८८ आणि १९८९ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें फेडरेशन चषक जिंकला. अशा क्लबाच्या शिस्तींत वाढलेला हा मनुष्य खेळाडूपणाचें वय संपल्यावर प्रशिक्षक झाला, आणि पुढें त्याच्या हातीं मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ आला.

येथें थोडा इतिहास सांगणें भाग आहे. भारतांत राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ सालीं सुरू झाली. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत एक सामना हरला कीं घरचा रस्ता. लीगमध्यें तसें नसतें. प्रत्येक संघ प्रत्येकाशीं खेळतो, विजयास तीन गुण, बरोबरीस एक, आणि महिनोन्महिने हा जमाखर्च चालतो. एखाद्या दिवसाचा पराभव येथें भरून निघतो, परंतु रोजचा गहाळपणा भरून निघत नाहीं. लीग म्हणजे वार्षिक परीक्षा नव्हे. ती वर्षभराची हजेरी आहे. पहिल्या नऊ हंगामांत हें अजिंक्यपद पंजाब, बंगाल आणि गोमंतक ह्या तीन प्रांतांबाहेर गेलें नव्हतें. २००५-०६ च्या हंगामांत महिंद्र युनायटेडनें तें मुंबईस आणलें. त्याच हंगामांत फेडरेशन चषकहि ह्या संघानें मिळविला. प्रशिक्षक होते डेरिक परेरा.

त्या संघांत ब्राझीलचा बारेटो आणि घानाचा याकुबू असे नामांकित गोल करणारे होते, आणि लोकांच्या तोंडीं नांवें राहिलीं तीं त्यांचींच. तें स्वाभाविक आहे. गोल मोजतां येतात. न झालेले गोल कोणी मोजीत नाहीं. परंतु संघ हंगामभर टिकला तो केवळ पुढच्यांच्या पायांवर नव्हे, हें लीगचा जमाखर्च ज्याला वाचतां येतो त्यास सांगावयास नको.

श्रोतेहो, कथा येथें संपली असती तर ती एका यशस्वी मनुष्याची साधी कथा झाली असती. पुढचें ऐका. १९६२ पासून चालत आलेला हा महिंद्राचा संघ २०१० सालीं मालकांनीं बंद केला. मुंबईस राष्ट्रीय लीगचें पहिलें अजिंक्यपद मिळवून देणारा संघ त्या विजयानंतर अवघ्या चार वर्षांत इतिहासजमा झाला.

परेरा तोंवर तेथून निघाले होते, आणि पुढें ते पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले. पुणें फुटबॉल क्लब हा २००७ सालीं स्थापन झालेला, बालेवाडीच्या क्रीडानगरींत खेळणारा तरुण संघ. त्याला परेरांनीं २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसऱ्या क्रमांकावर नेऊन ठेविलें. वर केवळ गोमंतकाचा चर्चिल ब्रदर्स होता. ह्या पुण्याच्या संघाचीहि तीच गत झाली. २०१४-१५ च्या हंगामानंतर तो राष्ट्रीय लीगच्या मैदानावर उतरला नाहीं.

मधल्या काळांत परेरा आपल्या जुन्या घरीं, साळगांवकर क्लबांत, प्रशिक्षक म्हणून परतले होते. २०१४ सालच्या नोव्हेंबरांत ड्युरंड चषकाचा अंतिम सामना गोमंतकांतच झाला, आणि त्यांत साळगांवकरनें ज्याला १-० असें हरविलें तो संघ पुण्याचाच होता. कालपर्यंत ज्यांना हांक मारून रांगेंत उभें केलें त्यांच्याच विरुद्ध आज रांग उभी करावयाची, हा ह्या धंद्याचा नेम आहे. आणि २०१६ सालीं हा साळगांवकर क्लबहि राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. त्याबरोबर डेम्पो आणि स्पोर्टिंग हे गोमंतकाचे आणखी दोन जुने संघहि गेले.

हें असें कां व्हावें? कारण गूढ नाहीं. आपल्याकडील बहुतेक संघ एखाद्या उद्योगसमूहाच्या अनुदानावर चालत. तिकिटांचें उत्पन्न थोडें, खर्च मोठा. कंपनीचें धोरण बदललें कीं संघाचा दिवा मालवला. शिवाय २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा निघाली. तिच्यांत शहरांच्या नांवानें नवे संघ उभे राहिले, आणि जुन्या आय-लीगचें स्थान दुय्यम होत चाललें. ह्या नव्या मांडणीस विरोध म्हणूनच गोमंतकाच्या तीन क्लबांनीं माघार घेतली. कोणाचें बरोबर, कोणाचें चूक, हा वाद मी येथें घालीत नाहीं. परंतु एका प्रशिक्षकाच्या दृष्टीनें पाहा. हरल्यामुळें काम जावें हें ह्या पेशांत गृहीतच धरलेलें असतें. येथें जिंकून दिलेलीं घरेंच एकामागून एक मोडलीं. सीम राखली, आणि सकाळीं पाहतात तों गांवच उठून गेलेला!

तरीहि हा मनुष्य मैदान सोडून गेला नाहीं. पुढें त्यांनीं एफ्. सी. गोवा ह्या नव्या संघाच्या संस्थेंत काम केलें. २०२१ च्या डिसेंबरांत त्या संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या संघाकडे गेले, तेव्हां मुख्य प्रशिक्षकाची जागा परेरांनीं सांभाळली. तो हंगाम महामारीचा. लीगचे सारे सामने गोमंतकांतच, परंतु बहुतेक प्रेक्षकांवांचून खेळले गेले. संघ आपल्या प्रांतांत खेळत होता, आणि टाळी वाजवावयास कोणी नव्हतें. अकरा संघांत त्याचा नववा क्रमांक आला. हें यश नव्हे, आणि तें यश म्हणून मी सांगतहि नाहीं. वादळांत दुसऱ्याच्या हातून सुटलेलें सुकाणूं धरणारास किनारा मिळतोच असें नाहीं. परंतु तें धरण्यास कोणी तरी पुढें यावें लागतें.

असाच ऐन वेळीं पुढें झालेला दुसरा गोमंतकीय बचावपटू म्हणजे महेश गवळी. डेम्पो आणि ईस्ट बंगाल ह्या संघांतून आणि भारताकडून वर्षानुवर्षें ते मागच्या फळींत खेळले, आणि नंतर भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या जून-जुलईंत बंगळूर येथें दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा चालू असतां मुख्य प्रशिक्षक स्टिमाच ह्यांस पंचांनीं दोनदां बाहेर काढल्यामुळें बंदी आली. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत रेघेजवळ उभे राहिले ते गवळी. लेबाननशीं गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टींवर ४-२ असा विजय. कुवेतशीं १-१ बरोबरी आणि पेनल्टींवर ५-४ असा विजय. भारतानें ती स्पर्धा नवव्यांदा जिंकली. दोन सामन्यांच्या दोनशें चाळीस मिनिटांत एकच गोल स्वीकारला गेला, ही गोष्ट फारशी कोणाच्या बोलण्यांत आली नाहीं.

ह्या प्रकारचें सर्वांत बोलकें उदाहरण पाहावयाचें तर जपानकडे दृष्टि टाकावी लागते. ताकेशी ओकादा हे जपानचे बचावपटू. देशाकडून ते २४ सामने खेळले. १९९७ सालीं जपानचा संघ विश्वचषकाच्या पात्रतेसाठीं झगडत होता. तोंपर्यंत जपान विश्वचषकांत एकदांहि खेळला नव्हता. ऑक्टोबरांत, दौऱ्याच्या मध्यावर, मुख्य प्रशिक्षकांस काढण्यांत आलें आणि साहाय्यक असलेल्या ओकादांच्या हातीं संघ देण्यांत आला. वय एकेचाळीस, कोणत्याहि संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनीं त्यापूर्वीं एक दिवसहि काम केलेलें नव्हतें. १६ नोव्हेंबर रोजीं मलेशियांत जोहोर बाहरू येथें इराणविरुद्ध जादा वेळांत ३-२ असा विजय मिळाला आणि जपाननें विश्वचषकाचा उंबरठा ओलांडला.

त्या पहिल्या विश्वचषकांत, १९९८ मध्यें, जपान तिन्ही सामने हरला. चार गोल स्वीकारले, एक केला. ओकादांनीं पद सोडलें. मग सप्पोरो, योकोहामा अशा क्लबांचें प्रशिक्षण केलें. योकोहामानें २००३ आणि २००४ अशीं दोन्ही वर्षें अजिंक्यपद मिळविलें. पुढें २००७ च्या अखेरीस राष्ट्रीय प्रशिक्षक ओसिम आजारी पडले, तेव्हां पुन्हां ओकादांनाच बोलावणें आलें. २०१० च्या विश्वचषकाआधीं सरावाचे सामने एकामागून एक हरल्यावर त्यांनीं बचावाच्या रांगेपुढें एक जादा गडी उभा करून संघाची मांडणी बदलली. दक्षिण आफ्रिकेंत जपाननें कॅमरून आणि डेन्मार्क ह्यांना हरवून बाद फेरी गांठली आणि पराग्वेशीं पेनल्टींवर हार पत्करली. चार सामन्यांत स्वीकारलेले गोल दोन! बारा वर्षांपूर्वींचा आंकडा आठवा, म्हणजे मागें उभें राहून शिकलेली विद्या कोठें उपयोगी पडते तें दिसेल.

परंतु ओकादांच्या आयुष्यांतील जी गोष्ट मला रत्नागिरीकर म्हणून विशेष वाटते ती ह्यापुढची. २०१४ सालीं त्यांनीं इमाबारी नांवाच्या एका लहान बंदराच्या शहरांतला क्लब आपल्याकडे घेतला. इमाबारी हें टॉवेल आणि जहाजबांधणी ह्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. क्लब तेव्हां प्रांतिक लीगमध्यें खेळत होता. २०२० मध्यें तो जपानच्या व्यावसायिक लीगच्या तिसऱ्या श्रेणींत आला, २०२३ मध्यें त्याचें स्वतःचें नवें मैदान झालें, आणि २०२५ च्या हंगामास तो दुसऱ्या श्रेणींत पोंचला. दोन विश्वचषक पाहिलेल्या मनुष्यानें उतारवयांत निवडलें तें गोलच्या चौकटीपेक्षां मोठें असें राखण्याचें काम: एका गांवाचा संघ असा रुजवावयाचा कीं, तो एका मालकाच्या मर्जीवर उठून जाऊं नये.

परेरा आणि ओकादा ह्यांच्या कर्तृत्वाची तुलना मी करीत नाहीं. देश निराळे, साधनें निराळीं. परंतु दोघांचे आयुष्यक्रम शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट उमगते. आपल्याकडे राखण करणारीं माणसें कमी पडलीं असें नाहीं. जें राखावयाचें तें टिकावें ह्याची तजवीज कमी पडली. मुंबईनें लीग जिंकली, पुणें दुसरें आलें, आणि दोन्ही शहरांत त्या संघांच्या मागें उभें राहावयास त्यांचें असें गांव नव्हतें. कोल्हापुरांत तालमीचा संघ हरला तरी तालीम उठत नाहीं, कारण तिच्यामागें पेठ उभी असते. संघ टिकावयाचा तर त्याचीं मुळें हिशेबाच्या वहींत नव्हेत, वस्तींत असावीं लागतात.

आतां माझ्या देण्याची गोष्ट सांगून आटोपतें घेतों. तो मुलगा आतां चांगला प्रौढ गृहस्थ असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. पावसाळ्यांत संध्याकाळीं मी फिरावयास जातों तेव्हां मैदानावर मुलें खेळत असतात. क्वचित् फुटबॉलहि असतो. पूर्वीं माझी नजर चेंडूमागें धांवे. आतां ती आधीं मागें उभ्या असलेल्या पोराकडे जाते. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें शाळेच्या संघांत मागें खेळत असतील, त्यांनीं घरीं आल्यावर 'किती गोल केलेस?' एवढेंच विचारूं नये, 'आज काय काय दिसलें?' असेंहि विचारून पाहावें.

आणि त्या मुलानें आज पुन्हां तोच प्रश्न विचारला तर मी सांगेन, "बाळ, तुला मागें ठेवला तो धांवतां येत नाहीं म्हणून नव्हे. तेथून सारें मैदान दिसतें. जें तुला दिसेल तें पुढच्यांना दिसणार नाहीं. म्हणून गप्प उभा राहूं नकोस, हांक मार."